वाईत सायकल चालवायला येताय? आधी खोरं, मग घाट

वाईला पहिल्यांदा सायकल घेऊन येणाऱ्यांचं एक ठरलेलं असतं, शुक्रवारी रात्री पोचायचं आणि शनिवारी सकाळी थेट पाचगणीला चढणाऱ्या पसरणीच्या घाटाला लागायचं. मग अर्ध्या घाटात सायकल हातात, पिंडऱ्यांना गोळे आलेले, मागून टुरिस्ट गाड्यांचे हॉर्न, आणि घरी गेल्यावर ती सायकल जी गॅलरीत लागते ती लागतेच. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण नवीन माणसाने सायकल शिकावी अशी वाईसारखी जागा आख्ख्या सातारा जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. गाव साधारण ७०० मीटर उंचीवर, कृष्णेच्या काठावर, उत्तरेला पांडवगड आणि मांढरदेवची रांग, दुसऱ्या अंगाला पाचगणीचं पठार आणि मधे सपाट खोरं, जे पश्चिमेला धोम धरणाच्या कडेने चिंचोळं होत होत पार जोर गावापर्यंत जातं. त्या खोऱ्यात आधी चार-पाच राईड करा आणि मगच घाटाकडे बघा, एवढंच माझं म्हणणं आहे आणि खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय.

सायकल कुठली

लोक विचारतात कार्बनची घेऊ का, डबल सस्पेन्शन घेऊ का. काही गरज नाही हो. वाईच्या आसपास डांबरी रस्ता, खडी आणि मुरूम हे तिन्ही एकाच राईडमध्ये लागतात, त्यामुळे पुढे साधं सस्पेन्शन असलेली गिअरची एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, नाहीतर जरा जाड टायरची हायब्रीड, म्हणजे एमटीबी आणि रोडबाईकच्या मधली, बास झाली. बारीक टायरची रोडबाईक असेल तर पाचगणी-महाबळेश्वर करा, पण कॅनॉलचा रस्ता आणि गावांच्या पाणंदी विसरा. एक गोष्ट मात्र दुकानात उभं राहूनच तपासायची, मागच्या चाकाची सगळ्यात मोठी दातेरी चकती. तिला ३२ किंवा ३४ दाते असतील तर घाट बसून चढता येतो, २८ असतील तर प्रत्येक वळणावर उभं राहून पेडल मारायला लागणार आणि नवीन माणसाचे गुडघे तिथेच बोंबलतात. ब्रेक जमल्यास डिस्कचे घ्या, का ते उतरणीच्या भागात सांगतो.

सीटची उंची हा विषय फार दुर्लक्षित आहे. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं, म्हणून नव्वद टक्के लोकांची सीट खाली असते आणि मग गुडघा दुखतो म्हणून सायकलला नावं ठेवतात. भिंतीला धरून सायकलवर बसा, पेडल एकदम खाली आणा, त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक उरतो, बरोबर तेवढाच पाहिजे. पहिले दोन दिवस उंच वाटेल, थांबताना एका पायाच्या बोटांवर टेकायची सवय करा, जमतं.

बरोबर काय घ्यायचं

हेल्मेट. यावर चर्चा नको. मागचा लाल लाईट दिवसासुद्धा चालू ठेवायचा, कारण वाईत थंडीत सकाळी नदीवर धुकं असतं आणि साखरझोपेतून उठून निघालेला टेम्पोवाला तुम्हाला त्या लाईटवरूनच बघणार असतो.

पंक्चरचं सामान म्हणजे दोन ट्यूब, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप आणि पाना-अ‍ॅलनकी एकत्र असलेलं मल्टिटूल. आता यात एक मेख आहे जी मला कुणी सांगितली नव्हती. ट्यूबचे व्हॉल्व्ह दोन प्रकारचे येतात, एक मोटरसायकलसारखा जाड आणि एक बारीक, ज्याला प्रेस्टा म्हणतात. माझी पहिली हायब्रीड बारीक व्हॉल्व्हवाली होती. वयगावच्या पुढे बाभळीचा काटा घुसला, टायरमधून तो पाऊण इंचाचा काटा काढून ट्यूब बदलली, आणि पंप बघतो तर त्याचं वॉशर फाटलेलं. एका वस्तीवर ट्रॅक्टरची हवा भरायचा कॉम्प्रेसर होता, तिथला पोरगा धावत पाईप घेऊन आला, पण त्याचं तोंड माझ्या व्हॉल्व्हला बसेचना. दहा रुपयांचा पितळी अडॅप्टर असता तर काम झालं असतं. शेवटी दूधवाल्याच्या पिकअपमधून वाईला आलो. तेव्हापासून तो अडॅप्टर मी व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवतो, हरवायचा प्रश्नच नाही. आणि घरी निदान तीनदा चाक काढून ट्यूब बदलून बघा, मागचं चाक खास करून, रस्त्यावर पहिल्यांदा करायचं काम नाही ते.

टायरमध्ये बाभळीचे काटे या भागात घुसणारच, विशेषतः फेब्रुवारीनंतर बांधांवरच्या बाभळी छाटतात तेव्हा. ट्यूबमध्ये सीलंट भरून आणलंत तर बारीक भोकं आपोआप बुजतात.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर या हिशोबाने. दोन बाटल्या, एकीत साधं पाणी आणि एकीत इलेक्ट्रल. खायला केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, याच्यापुढे महागडे जेल वगैरे मला तरी कधी लागले नाहीत. भूक लागायच्या आधी खायचं, दर पाऊण तासाने थोडं थोडं. पोट रिकामं झाल्यावर हातपाय कापायला लागतात ना, त्यानंतर खाऊन लगेच फरक पडत नाही.

कधी यायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत डोळे झाकून या. मार्च ते मे मध्ये यायचं तर साडेपाचला चाक हललं पाहिजे आणि दहाच्या आत सावलीत. पावसाळ्याचं जरा वेगळं आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून तीस-बत्तीस किलोमीटरवर असलेल्या वाईत त्याच्या तुलनेत फारच कमी, म्हणजे गावात नुसती भुरभुर असते आणि तुम्ही पश्चिमेला जाल तसा दर चार-पाच किलोमीटरला पाऊस वाढत जातो. वाईतलं आभाळ बघून जोरकडे निघू नका. जुलै-ऑगस्टमध्ये वारासुद्धा पश्चिमेचा, जाताना तोंडावर बसतो. पण खोरं तेव्हा जे दिसतं ते दिसतं, भाताची खाचरं, दोन्हीकडच्या कड्यांवरून उतरणारे पांढरे धबधबे, म्हणून पावसाळा टाळाच असं मी नाही म्हणणार. मडगार्ड लावा, लाईट लावा, अंतर निम्मं करा.

पहिला दिवस: मेणवली आणि धोम

जाऊन येऊन वीस किलोमीटरच्या आत, चढ नावापुरता. ढोल्या गणपतीपासून निघा. १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ, नदीच्या अगदी पात्रालगत. सकाळी सहाला घाटावर कोणी नसतं, फार तर दोन बायका धुणं घेऊन आलेल्या, तिथे पायऱ्यांवर बसून पाच मिनिटं पाय ताणून घ्या. गावातल्या गल्ल्या अरुंद आहेत, मंडईच्या बाजूला सकाळी भाजीच्या गाड्या उलट्या लागतात, तिथे सायकल हातात धरून बाहेर पडलात तरी चालेल.

मेणवली तीन किलोमीटरवर. हे तीन किलोमीटर गिअर शिकण्यासाठी वापरायचे. नियम एकच, चढ आला की मग गिअर बदलायचा नाही, चढ दिसला की बदलायचा. चढावर पूर्ण ताकद लावलेली असताना गिअर टाकला की चेन कडकड करते, कधी उतरते, कधी तुटते. बदलताना अर्धा सेकंद पायाचा जोर सैल करायचा, पेडल मात्र फिरतं ठेवायचं. आणि पाय हलके फिरले पाहिजेत, मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे. बहुतेक लोक जड गिअरमध्ये हळूहळू रेटत राहतात कारण त्यात व्यायाम झाल्यासारखा वाटतो, पण त्याने मांड्या अर्ध्या तासात संपतात.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि मागे चंद्रकोरीसारखा घाट. तिथल्या देवळाशी एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलीय, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिकडून आणलेली. सायकल बाहेर लावा, घाटाच्या पायऱ्यांवरून खाली उतरवू नका. काही जण व्हिडिओसाठी ते करतात, त्या दगडांना अडीचशे वर्षं होऊन गेलीत, त्यांच्यावर ब्रेक घासायची ही जागा नाही.

पुढे धोम गाव. इथल्या महादेवाच्या देवळासमोर पाण्याच्या कुंडात दगडी कासव आहे आणि त्याच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी भरलेलं असलं की ते कासव तरंगतंय असंच वाटतं. धरणाची भिंत तिथून जवळच. बंदी असलेल्या ठिकाणी सायकल घालू नका, भिंतीकडे न जाताही पाणी भरपूर दिसतं. इथून माघारी. पाय शिल्लक असले तरी माघारी फिरा, पहिल्या दिवशी आपल्याला अजून चालवावंसं वाटत असतानाच घरी यायचंय.

येताना भूक लागलेली असतेच, वाईत मिसळ खा, पण राईडच्या आधी नको, तर्री चढावर छातीशी येते.

दुसरा दिवस: धरणाच्या कडेने वयगावकडे

ही माझी सगळ्यात आवडती राईड आणि नवीन माणसाला मी हीच परत परत करायला सांगतो. एका बाजूने वीसेक किलोमीटर, धोमच्या जलाशयाच्या कडेकडेने, रस्ता खालीवर होत राहतो, एकही चढ मोठा नाही पण बारके चढ मिळून बऱ्यापैकी होतात. एका अंगाला पाणी, समोर कमळगड, आणि मागे वळून पाहिलं की पांडवगडाचा सपाट माथा. कृष्णा जुन्या महाबळेश्वरला उगम पावून जोरच्या बाजूला खाली येते, मग बलकवडीचं धरण, मग धोमचं, म्हणजे तुम्ही नदीच्या उलट दिशेने तिच्या उगमाकडे चाललेले असता. हे लक्षात ठेवा, जाताना किंचित चढ आहे आणि येताना किंचित उतार, त्यामुळे निम्मं पाणी संपलं की परतायचं हा हिशोब इथे चालतो.

या रस्त्यावर दुकानं कमी आणि लांब लांब आहेत. बिस्किटपुडा आणि चहा मिळेल, केळी मिळतीलच असं नाही. मोबाईलची रेंजही पुढे मिळत नाही, घरी सांगून निघा कुठपर्यंत जाणार आणि किती वाजेपर्यंत येणार.

कुत्र्यांबद्दल लोक घाबरून असतात. वस्तीवरचं कुत्रं अंगावर आलं तर जोरात पळवू नका, पळणाऱ्या चाकामागे ते लागणारच. थांबा, उतरा, सायकल आपल्या आणि त्याच्या मधे धरा, मोठ्याने "हाड" म्हणा आणि दहा पावलं चालत जा. आणि म्हशी-शेळ्यांचा कळप रस्त्यात असला तर घंटी वाजवू नका, गुराख्याला हाक मारा, "काका, कुठल्या बाजूने काढू?" विचारा, तो बाजू दाखवतो. म्हैस घंटीला घाबरून कुठल्या बाजूला वळेल ते तिलाही माहीत नसतं.

बलकवडी, जोर हे पुढचं. जोर म्हणजे खोऱ्याचं टोक, तिथून पुढे महाबळेश्वरला पायवाटा चढतात, सायकलचा रस्ता संपतो. तिकडे पहिल्या वर्षातच जायची घाई नको.

मातीवर चालवायला शिकणं

धोमचे डावा आणि उजवा असे दोन कालवे खोऱ्यातून जातात आणि त्यांच्या कडेने मुरमाचा रस्ता आहे. स्थानिक लोक त्याला कॅनॉलचा रस्ता म्हणतात. सगळीकडे सारखा नाही, कुठे सुरेख, कुठे ट्रॅक्टरने चाकोऱ्या पाडलेल्या, कुठे गवत माजलेलं. पण उतार जवळजवळ नाहीच, गाड्या नाहीत, आणि एमटीबीचं पहिलं शिक्षण इथे होतं. फक्त पाण्याच्या बाजूने चालवू नका, कालव्याला पाणी सोडलेलं असताना त्याचा वेग वरून कळत नाही, आणि अस्तर केलेल्या उभ्या काठावरून माणसाला एकट्याने बाहेर येणं अवघड असतं. लहान मुलं बरोबर असतील तर मी कॅनॉल सांगणारच नाही.

टायरची हवा आधी कमी करा. डांबरावर पन्नास पीएसआयला (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप) फिरवत असाल तर मुरमावर पस्तीसच्या आसपास आणा, जड माणसाने चाळीस. कडक टायर खडीवरून उड्या मारतो, जरा मऊ असला की धरून बसतो. पकड सैल, कोपरं किंचित वाकलेली, आणि नजर चाकापुढे नाही तर पाच-सात मीटर लांब. ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर चाक जाणार, हे अगदी खरं आहे, म्हणून दगडाकडे नाही, दगडाच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघायचं. खड्डा आला की पेडल मारणं बंद, दोन्ही पेडल जमिनीला समांतर, ढुंगण सीटवरून चार बोटं वर. सस्पेन्शन म्हणजे तुमचे गुडघे आणि कोपरं, ते पुढचं स्प्रिंगचं नंतर.

मऊ फुफाट्यात हँडल वळवू नका आणि पुढचा ब्रेक दाबू नका. पुढचं चाक रुतलं की माणूस सरळ हँडलवरून जातो.

शेतातून जाणारी प्रत्येक वाट ही कुणाच्या तरी मालकीची आहे. हळद, ऊस, गहू उभा असताना बांधावरून सायकल घातली की बांध ढासळतो. विचारून गेलात तर लोक अडवत नाहीत, उलट पाणी विचारतात, मला एका आज्जीने हुरडा दिला होता तो अजून लक्षात आहे. विचारलं नाही तर पुढच्या सायकलवाल्याला वाट बंद होते.

पाचगणीच्या टेबललँडवर सायकल न्यायची का, हे खूपजण विचारतात. मी म्हणेन खाली लावा आणि चालत फिरा. त्या कातळावर मातीचा थर बोटभर असतो, पावसाळ्यानंतर त्यात बारीक फुलं येतात, एक टायर फिरला की तो पट्टा गेला. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह म्हणून जाहीर आहे, ते उगीच नाही.

आता घाट

खोऱ्यात चार-पाच राईड झाल्या, ४० किलोमीटर करून दुसऱ्या दिवशी जिना नीट चढता येतोय, मग पसरणी. वाईपासून पाचगणी साधारण बारा-तेरा किलोमीटर आणि उंची ७०० वरून १,३०० मीटरच्या आसपास जाते, म्हणजे सरासरी पाच टक्क्यांचा चढ. भिंतीसारखा नाही, पण सोडतही नाही. पायथ्याला पसरणी गाव, शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. तिथे थांबून जॅकेट काढून बॅगेत टाका, थंडी वाजत असली तरी, कारण दुसऱ्या वळणाला घाम येणारच.

सहाच्या आत पसरणी सोडा. शनिवार-रविवारी आठनंतर या घाटात गाड्यांची रांग असते आणि डिझेलच्या धुरात चढणं म्हणजे शिक्षा. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार निवडा.

चढताना पहिले तीन किलोमीटर मुद्दाम सावकाश, इतकं की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. श्वास तुटत असेल तर गिअर हलका करा, हलका गिअर संपला असेल तर वेग कमी करा, चालण्याच्या वेगाने गेलात तरी चालतंय. वळणावर आतली बाजू उभी असते, बाहेरच्या बाजूने चढ कमी लागतो, पण आपली लेन सोडून पलीकडे जायचं नाही. दर तीन किलोमीटरला दोन मिनिटं थांबा, कठड्याला टेकून पाणी प्या, खाली धोमचं पाणी आणि आपण फिरलेला रस्ता दोरीसारखा दिसतो. काल त्या रस्त्यावर असताना हा घाट वर दिसत होता, आणि आज वरून तो रस्ता. मला दरवेळी तिथे थांबावंसं वाटतंच. खायचं मात्र माकडं नसतील तिथे. पर्यटक खायला घालतात त्यामुळे ती पिशवीवर झडप घालतात.

घाट संपता संपता हॅरिसन फॉलीचा पॉइंट आहे, तिथून कृष्णेचं आख्खं खोरं एका नजरेत येतं. पहिल्यांदा येणाऱ्याला दीड ते दोन तास लागतात, त्यात कमीपणा काही नाही. पाचगणीच्या बाजारात पोटभर खा, आणि अर्धा तास बसा, कारण खरं जपायचंय ते उतरताना.

मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा भीतीने पूर्ण घाट मागचा ब्रेक धरून ठेवला. रिम ब्रेक होते, म्हणजे चाकाच्या कडेवर रबर घासून थांबवणारे. खालच्या वळणांना लिव्हर हँडलला टेकायला लागली आणि सायकल थांबेना. नशीब समोरून एसटी नव्हती. खाली येऊन रिमला बोट लावलं तर चटका बसला, रबराचा वास येत होता. तेव्हा नीट ऐका, ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र दाबून वेग कमी करा, वळणात ब्रेक सोडा, आतल्या बाजूचं पेडल वर आणि बाहेरचं खाली, त्याच्यावर वजन. थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, त्याला घाबरून न वापरणं हीच चूक आहे, फक्त झटक्याने दाबायचा नाही. निघायच्या आधी पॅड किती उरलेत ते बघा. आणि मधे एकदा थांबून ब्रेक गार होऊ द्या, डिस्क असल्या तरी. डिस्कला बोट मात्र लावू नका.

त्याच्यापुढे

पाचगणीहून महाबळेश्वर अठरा-वीस किलोमीटर, चढउतार आहेत पण पसरणीसारखे सलग नाहीत. वाटेवर स्ट्रॉबेरीची शेतं, आणि जरा आत वळलात तर भिलार, जे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं ठेवलेली, सायकल लावून तासभर वाचत बसता येतं.

मांढरदेव हा वेगळाच चढ. काळूबाईचं देऊळ १,४०० मीटरच्या घरात, पसरणीपेक्षा उभा, रस्ता पुढे भोरकडे उतरतो. पसरणी न थांबता जमल्यावर करा. पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांत आणि मंगळवारी-शुक्रवारी गर्दी असते, तेव्हा तिकडे फिरकू नका.

पाचवड-भुईंजच्या बाजूला ऊसतोडीच्या हंगामात सायकल घालायची असेल तर एक सांगतो. ट्रॅक्टरला एक नाही, दोन ट्रॉल्या असतात. पहिली गेली म्हणून आत येऊ नका, दुसरी झुलत येते आणि तिच्या बाहेर आलेला ऊस खांद्याला लागतो. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की सरळ साईडपट्टीवर उतरा, पूर्ण जाऊ द्या, मगच निघा. रस्त्यावर चेपलेल्या उसाची चिपाडं ओली असतात, त्याच्यावर ब्रेक मारला की चाक सरकतं.

आणि राईडवरून आल्यावर आंघोळीच्या आधी दहा मिनिटं सायकलला. फडक्याने चेन पुसा, मुरमाची धूळ तेलात मिसळली की ती पॉलिश पेपरसारखी दाते खाते. प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, पेडल उलटं वीस वेळा फिरवा, वरचं तेल परत पुसून टाका. टायर हाताने फिरवून बघा, अडकलेला काटा आत्ता निघाला तर उद्याचं पंक्चर वाचतं.